नकाशा बदलला, दिवे मागे राहिले

भोपाळचे नाव निघाले की आधी डोळ्यांपुढे येतात ते तेथील तलाव. आणि त्यामागोमाग आठवते ती १९८४ च्या डिसेंबरातील विषारी वायूची काळरात्र. परंतु या नगरीला आणखीही एक इतिहास आहे. तो विजेचा इतिहास होय, आणि त्याचा एक धागा थेट विदर्भात जाऊन पोहोचतो.

१९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. खापरखेडा आणि बल्लारशा येथील कोळशावरची वीजकेंद्रे त्याच राज्यात मोडत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. शहराला मान मिळाला खरा, पण ही दोन्ही केंद्रे सीमेपलीकडे राहिली.

योगायोग असा की, त्याच वर्षी भोपाळात ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या सरकारी कंपनीची स्थापना झाली. ब्रिटनमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन उभारलेल्या तेथील कारखान्यात १९६० साली उत्पादन सुरू झाले. पुढे १९७४ मध्ये ही कंपनी ‘भारत हेवी इलेक्ट्रिकल्स’मध्ये विलीन झाली. देशभरच्या वीजकेंद्रांना यंत्रे पुरविणारे हे शहर. पण यंत्र घडविणे निराळे आणि घरोघरी दिवा तेवत ठेवणे निराळे. त्यासाठी नव्या राज्याला पाणी आणि कोळसा दोन्ही शोधावे लागले. १९६० मध्ये चंबळेवरील गांधीसागर धरणातून ११५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. आणि १९६७ पासून बैतूल जिल्ह्यातील सारणी येथे सातपुड्याच्या कुशीत कोळशाची भट्टी पेटली. पाण्याची वीज पावसावर अवलंबून, तर कोळशाची खात्रीची, पण धूर आणि राख मागे ठेवणारी.

त्यानंतर इतिहासाने स्वतःचीच पुनरावृत्ती केली, तीही नेमक्या त्याच तारखेला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची मोठी वीजकेंद्रे तिकडे गेली. मध्य प्रदेशाच्या वाट्याला मागणी उरली, वीज मात्र अपुरी पडू लागली. तासन् तास भारनियमन होई. शेतातले पंप आणि विद्यार्थ्यांचे दिवे एकदमच थांबत. २००३ ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी या तीन शब्दांभोवतीच लढली गेली, आणि सत्तांतर झाले. २००५ मध्ये वीज मंडळाची कामे निरनिराळ्या कंपन्यांकडे आली. भोपाळ आणि आसपासच्या प्रदेशातील वितरण मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनी पाहू लागली. त्याच वर्षी नर्मदेवरील इंदिरासागरचे १,००० मेगावॉटचे केंद्र पूर्ण झाले. ही वीज धुराविना मिळाली, पण किमतीविना नव्हे. आदल्या वर्षी त्या जलाशयासाठी हरसूद हे गाव उठवावे लागले होते. स्वच्छ या शब्दाचा हिशेब केवळ धुराने होत नाही, हे हरसूदच्या विस्थापितांना कोणी सांगावे लागले नाही.

या पार्श्वभूमीवर २०१७ च्या फेब्रुवारीतील घटनेकडे पाहिले पाहिजे. रीवा जिल्ह्यातील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी बोली लागली, आणि पहिल्या वर्षाचा दर प्रतियुनिट २ रुपये ९७ पैशांवर उतरला. वर्षभरापूर्वी राजस्थानात ४ रुपये ३४ पैसे हाच नीचांक मानला गेला होता. सूर्य तर दोन्हीकडे सारखाच तळपत होता. सौर पट्ट्यांचे भाव उतरत होते, हे खरे. तथापि तेवढ्यानेच हे घडले नाही. वीज घेणारी कंपनी वेळेवर पैसे देईल किंवा नाही, या धास्तीपोटी विकणारे आपला दर चढा ठेवीत. रीव्याच्या करारात त्यासाठी राखीव निधी ठेवला गेला आणि त्यामागे राज्य शासनाची हमी उभी राहिली. धास्ती ओसरली, तसा दरही ओसरला. २०१९ पासून या विजेचा एक वाटा दिल्लीच्या मेट्रोला मिळू लागला, आणि २०२० च्या जुलैत प्रकल्प राष्ट्रार्पण झाला. ज्या राज्याचे दिवे दोनदा सीमेपलीकडे राहिले होते, तेच आता राजधानीच्या आगगाड्या चालवू लागले.

म्हणून सारे साधले असे मात्र नव्हे. सूर्य मावळला की रीव्याचे पट्टे निजतात, आणि रात्रीचा भार खंडवा जिल्ह्यातील सिंगाजीसारख्या कोळशाच्या केंद्रांवर येतो. दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठवणे, आणि ते सामान्य गृहस्थाला परवडेल अशा भावात साठवणे, हे पुढचे काम आहे. ऊन निसर्ग देतो; स्वस्ताई मात्र दिलेला शब्द पाळल्याने येते. भोपाळच्या या इतिहासातून घ्यायचा धडा एवढाच, आणि तो केवळ भोपाळपुरता नाही.