शनिवारी साहेब गेल्यावर

साल 1969. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगापुढे तुम्ही उकिडवे बसलाय. ‘येरू’ आहे का, म्हणून विचारता. विक्रेता पेरी मेसनची कादंबरी पुढे करतो. ‘आत्ता’? ‘फक्त’? तो अशा नजरेनं बघतो की पुढचं नाव तोंडातच राहतं. पुढचं नाव ‘असो’ असतं.

इथे काही हाती लागायचं नाही. ही अनियतकालिकं, म्हणजे तरुण लेखकांनी स्वतःच काढलेले छोटे अंक, दुकानात क्वचितच दिसतात. ती कुणाच्या तरी शबनममधून निघतात, नाहीतर बुकपोस्टानं येतात. तुमच्या काळात याच अंकांसाठी रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात. इथे कवी तरुण आहेत आणि कचेऱ्यांना शनिवारची अर्धी सुट्टी आहे, तेव्हा सरळ छापखाना गाठा. छापखाना म्हणजे फोर्टातल्या एका कचेरीचं सायक्लोस्टाइल यंत्र. साहेब घरी गेलेत. शिपायाला चहा पाजून झालाय.

जिन्यातच शाईचा तेलकट वास येतो. टेबलावर मेणाचा स्टेन्सिल पसरलाय. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून अक्षरं नुसती आपटलीत, म्हणजे तेवढं मेण जाऊन शाईला वाट मिळते. बोट जास्त जोरात पडलं की ‘व’चं पोटच गळतं आणि कागदावर काळा ठिपका उमटतो. चूक झाली तर वरून द्रव लावायचा, वाळेपर्यंत फुंकत बसायचं, मग पुन्हा टाइप करायचं. चित्रं टोकदार सळईनं थेट मेणावर कोरलेली. स्टेन्सिल रुळावर चढतो, हँडल फिरतं, दर फेऱ्याला एक कागद बाहेर. कागद खरखरीतच हवा. गुळगुळीत कागदावर शाई फरफटते. स्वस्त कागद घेण्यामागे बंडखोरी असते असं नंतर लिहिलं जाईल. निम्मं कारण हे आहे.

तुमच्या हाती हँडल येतं. मागे वाद रंगलाय. याच वर्षी राजा ढाले आणि मित्रांनी खटाववाडीत ‘मौज’ प्रकाशनाच्या कचेरीसमोर त्यांच्या ‘सत्यकथा’ मासिकाचा अंक जाळला.

“जाळून काय मिळालं रे?”

“साभार परत यायचं थांबलं.”

“तू पाठवायचं थांबवलंस म्हणून!”

हशा पिकतो. खरं तर नव्या मराठी कवितेला, कथेला घर दिलं तेही ‘सत्यकथे’नंच, राग इतका धगधगता आहे तो घरातला आहे म्हणून. आणि यंत्र फिरवणारे हे काही पहिले नव्हेत. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर यांच्या मंडळींनी पन्नाशीच्या दशकातच ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढला होता. तुम्हाला पुढचंही ठाऊक आहे: 1972 मध्ये राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार ‘दलित पँथर’ ही संघटना उभारतील. बोलायचा मोह होतो. जीभ चावा आणि हँडल फिरवा.

फेऱ्यांगणिक स्टेन्सिल ताणला जातो. सुरुवातीच्या प्रती ठसठशीत, शेवटच्या फिकट, सुरकुतलेल्या. पानं जमिनीवर ओळीनं मांडतात, वाकून वाकून एकेक उचलतात, वर-खाली पिना मारतात. त्या पिना तुमच्या काळापर्यंत गंजून पानाला भोकं पाडतील, म्हणून तुम्ही आतापासूनच हळहळता. संग्राहकाची खोड जात नाही: गठ्ठ्यातून सगळ्यात स्वच्छ प्रत हेरून तुम्ही छातीशी धरलीय.

“ती ठेवा. ती औरंगाबादला जायचीय, ‘वाचा’ अनियतकालिक काढणाऱ्यांकडे.”

“मग मला कुठली?”

तो गठ्ठ्याच्या तळातून एक प्रत ओढतो. तिसऱ्या पानावर अंगठ्याचा ठसा, कवितेची शेवटची ओळ अर्धी गायब.

“वाचता येते ना? झालं मग. आणि घरी नेऊन कपाटात कोंबू नका. परळला एक गिरणीवाला कवी आहे, सोमवारी त्याच्याकडे पोचवा.”