हललेला फोटो

परवा नातीचा फोन आला. "आजी, तुझा तो जुना चंदेरी कॅमेरा आहे का गं अजून?" मला वाटले चेष्टा करते आहे. हातात एवढा महागाचा मोबाईल असताना ह्या विशीतल्या पोरीला 2008 सालचा डबडा कशाला हवा? तर म्हणे हल्ली त्यांच्यात त्याचीच फॅशन आहे. कपाट उघडले, डबा काढला आणि त्याखाली आईचा फोटो सापडला. मग दुपार त्यातच गेली.

हा आईचा एकमेव फोटो. 1953 साली पेणजवळच्या आमच्या गावी काकाची मुंज होती, तेव्हाचा. (तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता, रायगड नाव 1981 साली आले.) तिकाटण्यावरचा लाकडी कॅमेरा, काळे फडके, ओटीवर ओळीने बसवलेली तीस माणसे. फोटोग्राफरने "हलू नका" म्हणून भिंगाची टोपी काढली, तीनपर्यंत मोजले आणि टोपी परत लावली. आईच्या मांडीवर मी, दोन वर्षांची. मी नेमकी चुळबुळ केली आणि मला धरायला आई वळली. एकोणतीस चेहरे लख्ख आले आहेत, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका फराटा. 1962 साली आई गेली. आई कशी दिसायची ह्याचा कागदी पुरावा माझ्याकडे नाही, आणि त्याला कारण मीच.

पुढे वाचनात आले की ही तक्रार फोटोइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये दागेर ह्यांनी 1838 साली पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता ओस दिसतो! घोडागाड्या, माणसे सगळे होते, पण प्लेटवर चित्र उमटायला मिनिटे लागायची, तेवढ्यात जो हलला तो पुसला गेला. कोपऱ्यात एकच माणूस दिसतो, कारण तो बूट पॉलिश करून घ्यायला पाय रोवून उभा होता. स्टुडिओत तर मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसे एवढी करारी का दिसतात, त्याचे अर्धे उत्तर ह्यात आहे.

ही कला आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि भाऊ दाजी लाड ह्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हिंदी फोटोग्राफरांपैकी एक. 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनी पुढे मुंबईत नाव काढले. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण ही नावे एकाही पाठ्यपुस्तकात नव्हती.

पळती वस्तू पकडायचे श्रेय मात्र मायब्रिज ह्यांचे. 1878 साली अमेरिकेत त्यांनी बारा कॅमेरे ओळीने लावले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिले. आपले दादासाहेब फाळके (तेही आधी गोध्र्याला फोटोग्राफरच होते) ह्याच्या अगदी उलट गेले. 1912 साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची रोजची वाढ थोडी थोडी टिपली आणि पडद्यावर ते रोप भराभर वर आणून दाखवले. एकाने वेग थांबवला, दुसऱ्याने संथपणाला पळवले. असो, विषयांतर झाले.

आमच्या घरात कॅमेरा आला तो लग्नानंतर, आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो आणि शटरचा वेग एकच, त्यामुळे बारशाला उत्तम, धावण्याच्या शर्यतीला निरुपयोगी. माझ्या मुलांच्या बालपणात ती सतत उभीच आहेत असे अल्बम पाहणाऱ्याला वाटेल.

म्हणून 2008 साली, निवृत्तीला एक वर्ष असताना, मी ठरवले की आता हलणाऱ्या माणसांचा कॅमेरा घ्यायचा. नातू खो-खो खेळू लागला होता. खांदेश्वरहून लोकल पकडून मी आणि मुलगा फोर्टात बोराबाजारला गेलो. दुकानदार मेगापिक्सेलवर मेगापिक्सेल ऐकवत होता. मी विचारले, "पळत्या मुलाचा फोटो हलणार नाही ना?" तो म्हणाला, ह्यात स्टॅबिलायझर आहे, हलणारच नाही! हे अर्धसत्य निघाले. स्टॅबिलायझर आपल्या हाताचा कंप सावरतो, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. त्याला शटरच वेगवान लागते आणि शटर वेगवान करायचे तर उजेड भरपूर हवा. संध्याकाळच्या मैदानावर त्या चिमुकल्या सेन्सरवर फोटो रवाळ यायचा, आणि फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरपुढे जात नसे.

त्याहून मोठा घोळ वेगळाच होता. बटण दाबले की कॅमेरा आधी फोकस शोधणार, मग फोटो घेणार. तोवर नातू चौकटीबाहेर! पहिल्या सामन्याचे बेचाळीस फोटो आले, त्यांतल्या एकतीसांत नुसती धूळ. (मोजले होते, पेपर तपासायची सवय.) मग माहितीपुस्तिका वाचली. बटण अर्धे दाबून ठेवले की फोकस तिथेच थांबतो आणि पुरते दाबल्यावर फोटो जवळजवळ लगेच निघतो. मी खांबापाशी जाऊन बसले. कॅमेरा खांबावर रोखला, बटण अर्धे दाबले आणि वाट पाहिली. खो-खोत खांबाला वळसा घालायला गडी येतोच येतो. चौथ्या प्रयत्नात नातू आला, एक हात खांबाला, अंग जमिनीला जवळजवळ समांतर, तोंड उघडे. एकही रेघ हललेली नाही. तो फोटो आमच्या खांदा कॉलनीच्या घरात अजून भिंतीवर आहे.

त्या छोट्या कॅमेऱ्यांचे राज्य फार टिकले नाही. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 साली 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, 2023 साली 80 लाखांच्याही आत. बाकीचे काम मोबाईलने घेतले, आणि खरे सांगायचे तर चांगले केले. मोबाईल एका दाबासरशी अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो.

नातीला आईचा फोटो पाठवला. तिने तासाभरात परत पाठवला, यंत्राकडून चेहरा नीट करून. नाक, डोळे, कुंकू, सगळे स्पष्ट. कुणीतरी देखणी बाई आहे ती, आई नव्हे. मी तिला तसे कळवले, जरा तोडूनच. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने लिहिले, "आजी, पण तू हललेली दिसतेस त्यात, आणि त्या तुझ्याकडे बघताहेत." पुन्हा चष्मा पुसून पाहिले. फराट्याची दिशा खरेच माझ्याकडे आहे. सत्तर वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते.

कॅमेरा चालू आहे का ते अजून कळलेले नाही. रविवारी येताना दोन पेन्सिल सेल घेऊन ये, असे तिला सांगितले आहे.