वाट आधी चालणाऱ्याची

माझे वडील कामावरून सायकलने परतत, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उतरत आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत येत. गल्लीत पोरं खेळत असत, म्हाताऱ्या बाया उंबऱ्यावर बसलेल्या असत. "वाट आधी चालणाऱ्याची," ते म्हणत. मला तो त्यांचा भिडस्तपणा वाटे. पुढे वाचनात आलं, की सायकलस्वाराला हीच गोष्ट सांगायला इंग्लंडच्या कायद्याला ऐंशी वर्षं लागली.

१८८८ साली तिथे सायकलीला कायद्याने 'गाडी' ठरवलं. तिला रस्ता मिळाला, पण १८३५ पासून गाड्यांना बंद असलेला पादपथ तिलाही बंद झाला. रस्त्यात कुणाला ओलांडायचं तर आधी घंटी किंवा शिट्टी वाजवायची, अशी सक्तीही आली. म्हणजे सायकलस्वाराने इशारा दिला, की त्याचं काम संपलं. बाजूला होणं चालणाऱ्याच्या वाट्याला आलं.

१९६८ च्या कायद्याने गावाकडच्या घोडेवाटा सायकलींना खुल्या केल्या. मात्र अट घातली, की सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. हक्क आणि अदब एकाच कलमात आले.

पुढे शहरांजवळही अशी वाट झाली. ब्रिस्टल आणि बाथ यांना जोडणाऱ्या एका जुन्या लोहमार्गावरची प्रवासी वाहतूक १९६६ साली थांबली होती. १९७७ साली ब्रिस्टलमध्ये सायकलप्रेमींची एक संघटना उभी राहिली आणि १९७९ ते १९८६ या काळात त्या मार्गावर सुमारे २१ किलोमीटरची वाट तयार झाली. तिच्यावरून सायकलस्वार जातात, चालणारे जातात, बाबागाड्या आणि चाकाच्या खुर्च्याही जातात.

वाट लोकप्रिय झाली आणि कुरबुरीही वाढल्या. ऑफिस गाठायच्या घाईतला सायकलस्वार घंटी वाजवतो. पण कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना ती पोचत नाही, आणि लहान मूल ती ऐकून नेमकं चाकासमोर धावतं. अशा वेळी उपयोगी पडतो तो ब्रेक.

मित्रहो, आपल्या शहरांतही सायकलमार्ग आखले जातात, आणि त्यांवर माणसं चालतात म्हणून आपण चिडतो. तेव्हा मला गल्लीच्या तोंडाशी उतरणारे वडील आठवतात. ते घंटी क्वचितच वाजवत, आणि त्यांना उशीर झाल्याचं मला आठवत नाही.