नकळत लघवी होते, हे ठरवायचं कुणी?

खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की थोडी लघवी होते. किंवा लघवीला लागलं की बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत दम निघत नाही, कपडे ओले होतात. तुमच्या बाबतीत असं घडत असेल तर दोन प्रश्न मनात येतातच. डॉक्टर काय काय तपासतील? आणि मी सांगते ते खरं मानतील ना? आजची तपासणी कशी घडत गेली ते पाहिलं, की दोन्हींची उत्तरं मिळतात.

सुरुवात क्लेशकारक आहे. बाळंतपण दिवसेंदिवस अडून राहिलं, तर बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधला पडदा मरतो, तिथे भोक पडतं आणि लघवी रात्रंदिवस गळत राहते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी गावी, 1845 ते 1849 या काळात डॉ. मॅरियन सिम्स यांनी या दुखण्यावर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. आतलं नीट दिसावं म्हणून त्यांनी चक्क चमचा वाकवून वापरला. त्यातूनच सिम्स स्पेक्युलम तयार झाला. आजही योनीमार्ग तपासताना तो वापरतात.

पण हे प्रयोग झाले ते गुलाम स्त्रियांवर, भूल न देता. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतली तीन नावं आपल्याला ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे 30 शस्त्रक्रिया झाल्या. त्यांना ‘नाही’ म्हणण्याची सोयच नव्हती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा 2018 साली हलवला गेला, तो याच कारणाने.

पुढे 1948 साली अमेरिकेतलेच डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी वेगळा विचार मांडला. लघवी रोखून धरणारे स्नायू बाळंतपणानंतर सैल पडतात, मग व्यायामाने ते बळकट का करू नयेत? स्नायू किती जोराने आवळले जातात ते तबकडीवर दाखवणारं एक साधन त्यांनी बनवलं. इथे तपासणी हाच उपचाराचा भाग झाला, कारण आपली प्रगती त्या बाईला स्वतःला दिसू लागली. ‘केगेलचे व्यायाम’ म्हणतात ते हेच.

त्यानंतर मूत्राशयातला दाब मोजणाऱ्या यंत्रांचा जमाना आला. 1971 साली या विषयासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या व्याख्येत एक अट होती: लघवी गळताना तपासणाऱ्याला दिसली किंवा मोजता आली पाहिजे. म्हणजे दवाखान्यात खोकून दाखवलं आणि नेमकी तेव्हाच गळली नाही, तर बाईची तक्रार व्याख्येत बसायची नाही! 2002 साली ही व्याख्या बदलली. नकळत लघवी होते अशी तक्रार असणं, एवढं आता पुरेसं आहे.

म्हणून आजची तपासणी यंत्राने नाही, तुमच्या बोलण्याने सुरू होते. कधी गळते, किती गळते, खोकताना की घाई लागल्यावर, हे डॉक्टर विचारतात. याला महत्त्व आहे, कारण दोन्हींचे उपचार वेगळे. मग लघवीची साधी तपासणी, पोट आणि योनीमार्ग पाहणं, खोकायला सांगणं, स्नायूंची ताकद बघणं. दाबाची तपासणी सुरुवातीलाच प्रत्येकीला लागत नाही.

जाण्यापूर्वी तीन दिवस एक वही ठेवा. काय प्यायलात, किती वाजता लघवीला गेलात, किती झाली, केव्हा गळली ते लिहा. या वहीचा फार उपयोग होतो. लघवीतून रक्त जात असेल, सतत थेंबथेंब गळत असेल, लघवी तुंबत असेल किंवा पायांत अचानक अशक्तपणा आला असेल, तर मात्र वहीसाठी थांबू नका, लगेच दाखवा.

आणि हो, आतली तपासणी तुमच्या संमतीनेच व्हायला हवी. सोबत बाई हवी असं सांगा. दुखलं तर थांबवायला सांगा. अनार्काला जे म्हणता आलं नाही, ते तुम्हाला म्हणता येतं. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून गप्प मात्र बसू नका.