हुद्दा आणि नोंद
जिनिंगमधला फिटर निवृत्त झाला म्हणजे त्याची जागा जाते, कसब जात नाही. मनोविकारांवर उपचार करणाऱ्यांच्या बाबतीत हा भेद कायद्यात उतरायला बराच काळ लागला.

१९१२ च्या वेड्यांसंबंधीच्या कायद्याने रुग्णाला दाखल करण्याच्या अर्जासोबत दोन वैद्यकीय दाखले मागितले. त्यांपैकी एक सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा, अथवा सरकारने तसा जाहीर केलेल्या डॉक्टरचा. म्हणजे वजन विद्येपेक्षा हुद्द्याला अधिक!

पुढे नोंदवहीचे महत्त्व वाढले. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायदा १९६५ चा, भारतीय पुनर्वसन परिषदेचा १९९२ चा. मनोविकारतज्ज्ञाची नोंद पहिलीकडे, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची दुसरीकडे. सरकारी नोकरी वयाने संपते. ही नोंद वयाने संपत नाही. मात्र दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण हवे, आणि मधल्या काळात नवे शिकल्याचा पुरावाही हवा. ते राहून गेले असेल, तर परतणाऱ्याने आधी नोंद पूर्ववत करावी, मगच रुग्ण तपासावा.

इतकी वर्षे रुग्ण पाहिलेल्याला ही कटकट कशाला, असे कोणी विचारील. पण १९८७ व २०१७ असा दोनदा कायदा पालटला. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क आता रुग्णाला आहे. परतणाऱ्याला तो ठाऊक नको काय?

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. वरूडच्या मजुराला तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. निवृत्त तज्ज्ञ गावात बसला तर ती वाचेल. म्हणून त्याची वाट मोकळी हवी, पण नोंदीवाचून नव्हे.