पहारा चुकवणारे

आपला बुद्धिबळाचा पट एकाला हरवून दुसऱ्याला जिंकवतो. २०१५ साली अमेरिकेत टिम फावर्स यांनी काढलेल्या ‘बर्गल ब्रोज’ या खेळात सारे एकाच बाजूचे. पहारेकऱ्याची नजर चुकवीत इमारतीत शिरायचे, संगणक वश करून गजर मुका करायचा, तिजोऱ्या फोडायच्या. प्रत्येकाला तीनदा निसटण्याची मुभा. ती संपल्यावर एकजण जरी सापडला तरी सगळ्यांचा डाव गेला. गोंदियाच्या विडी कामगाराला हा नियम नवा नाही. संपातून एक फुटला की सारे बुडतात!

असा डाव मुंबईत खरोखर मांडला गेला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी सामग्रीची मदत केली. पोलीस माग काढीत, म्हणून यंत्राचे बिऱ्हाड सारखे हलवायचे. १२ नोव्हेंबरला धाड पडली. ठिकाण दाखवले ते त्यांच्याच एका तंत्रज्ञाने. उषाताईंनी मात्र चौकशीत तोंड उघडले नाही. चार वर्षांची सजा झाली. १९४६ साली त्या येरवड्यातून सुटल्या.