आर्चबिशपांचा वाडा

रायगडावर राजवाड्याच्या जोत्यांवरून फिरताना दालनं मनातच उभी करावी लागतात. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी लावलेल्या आगीत लाकडी इमले जळाले. महाड-पोलादपूरकरांना पडका वाडा असा घरचाच. पण आपल्या दारावरून जाणारा महामार्ग ६६ धरून गोव्यात उतरलं, की जुने गोवे इथे त्याच काळातला एक वाडा अजून उभा दिसतो. से कॅथेड्रल आणि संत फ्रान्सिसचं चर्च यांच्यामधला हा आर्चबिशपांचा जुना वाडा.

१५३८ साली गोव्यात बिशप आले, १५६० मध्ये पहिले आर्चबिशप. आफ्रिकेच्या टोकापासून जपानपर्यंतचा ख्रिस्ती कारभार इथून चाले. बरोक शैलीचा सोनेरी थाट शेजारच्या चर्चमधल्या वेद्यांवर आहे. वाडा बाहेरून साधाच.

इथल्या इमारतींचं खरं गुपित जांभ्यात आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. पण त्याची छिद्रं पावसाचं पाणी पितात. म्हणून वर चुन्याचा गिलावा हवाच. बारीक कोरीव काम जांभ्यात टिकत नाही. जवळच्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागासाठी तर काळा दगड वसईहून आणला.

मग साथी आल्या आणि शहर ओस पडलं. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीला गेले. मागे राहिलेले वाडे पाडले गेले, त्यांचे दगड नव्या बांधकामांना गेले. व्हाइसरॉयांचा वाडा त्यातच गेला. इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, इमारतही आज नाही, आणि तिथे माणसांचे झालेले हाल विसरता कामा नयेत. आर्चबिशपांचा वाडा वाचला तो, माझ्या मते, शेजारच्या कॅथेड्रलमध्ये दिवा लागत राहिला म्हणून.

पुढे त्याच वाड्यात ख्रिस्तु कला मंदिर हे कलादालन झालं. शेजारच्या संत फ्रान्सिसच्या चर्चचा मठ धार्मिक संघ बंद झाल्यावर १८३५ मध्ये रिकामा झाला. १९६४ मध्ये तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आलं. पोर्तुगीज गव्हर्नर जोआंव द कास्त्रो यांनी १५४७ मध्ये सुरू केलेली व्हाइसरॉयांच्या चित्रांची मालिका तिथेच आहे, आणि त्याच छपराखाली आपल्या ओळखीचे वीरगळही.

गोव्याला जाल तेव्हा किनाऱ्याआधी अर्धा दिवस इथे द्या, आणि मुलांना तो जांभा हात लावून पाहू द्या.